आईला घेऊन वार्टबुर्ग किल्ला (आयझेनाख, जर्मनी): जमेल का?

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी. माझा भाचा इल्मेनाऊला शिकतोय. मे अखेरीस आई आणि मी त्याच्याकडे जाणार आहोत. आईला नातू बघायचा आहे आणि मला जर्मनी. फ्रँकफुर्टला उतरायचं आणि एर्फुर्टवरून त्याच्याकडे, असा बेत आहे. वाटेत आयझेनाख नावाचं गाव लागतं आणि त्याच्या डोक्यावर वार्टबुर्ग किल्ला आहे. फोटो बघितल्यापासून माझ्या मनात तो भरलाय.

अडचण अशी की आई एकाहत्तर वर्षांची. सपाटीवर माझ्यापेक्षा भराभर चालते, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या आल्या की थांबत थांबत. मराठीच्या शिक्षिका होत्या, त्यामुळे कुठेही नेलं की "हे कोणी बांधलं, का बांधलं" सुरू होतं आणि मला उत्तर देता येत नाही. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, जर्मनीला जाऊन न्यूश्वानस्टाइन नाही बघितला तर काय बघितलं? आमचे मेहुणे म्हणतात, दगडच बघायचे तर आग्वादला जा, पार्किंग फुकट.

कुणी गेलंय का? चढ किती आहे? आत बघण्यासारखं खरंच काही आहे, की बाहेरूनच फोटो काढून परत यावं? आणि खाण्याचं काय? आई मासे खाते, पण डुक्कर आणि गाय नाही, सोमवारी पूर्ण शिवराक (शाकाहारी).

पर्वरीचा प्रवासी

ताई, स्पष्ट सांगतो. एकदाच जाणार असाल तर न्यूश्वानस्टाइनच करा. परीकथेतला किल्ला म्हणजे तोच. आम्ही म्युनिकहून गेलो होतो, खालून घोडागाडीत बसून वर. वार्टबुर्गचं नाव आमच्या टूरवाल्याच्या यादीतसुद्धा नव्हतं. न्यूश्वानस्टाइनला आत जायची वेळ ठरवून दिलेली असते, तिकीट आधीच काढा, नाहीतर फाटकापाशी उभं राहून बाहेरूनच दर्शन.

कांदोळीचा वाटाड्या

ताई, जरा सविस्तर लिहितो, कारण हा किल्ला मी बघितलाय आणि माणसांना किल्ले दाखवणं हाच माझा धंदा. जर्मन पाहुण्यांचा गाईड म्हणून हयात गेली. चार्टर विमानं भरभरून दाबोळीला उतरायची त्या काळापासून आग्वाद, जुनें गोंय, मसाल्याची बाग, बुधवारचा बाजार, हेच चाललंय. एक म्हातारं जोडपं दर हिवाळ्यात यायचं, त्यांचं घर थुरिंगियात, म्हणजे आयझेनाखच्याच प्रांतात. त्यांनी आग्रह करून बोलावलं म्हणून गेलो. आयुष्यभर लोकांना उन्हात उभं करून बोलणारा मी, तिथे गटाच्या शेपटाला उभा राहून दुसऱ्याचं ऐकत होतो. तिथल्या गाईड बाई सांगायच्या छान. फक्त सगळे आत यायच्या आधीच सुरुवात करायच्या. इकडे असं केलं तर टिप बुडते.

आधी न्यूश्वानस्टाइनचा विषय संपवू. पर्वरीकरांनी बघितला, त्यांना आवडला, छान झालं. पण ताईंनी मध्ययुगीन किल्ला विचारलाय आणि तो मध्ययुगीन नव्हे. बायर्नच्या (बव्हेरियाच्या) राजा लुडविग दुसऱ्याने तो १८६९ मध्ये बांधायला घेतला आणि १८८६ मध्ये राजा गेला तरी काम अर्धवटच होतं. तिथला जो गायकांचा दिवाणखाना सगळे तोंडात बोट घालून बघतात, त्याची कल्पना राजाला वार्टबुर्ग बघूनच सुचली. शिवाय इल्मेनाऊहून तिथे जाणं म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला जाणं.

आता वार्टबुर्ग. तुमच्या मातोश्री "कोणी बांधलं" विचारणारच, तर ही गोष्ट त्यांच्यासाठी. परंपरेने किल्ल्याचं साल १०६७ सांगतात, बांधणारा लुडविग 'उडी मारणारा' या टोपणनावाचा सरदार. डोंगर त्याचा नव्हता. त्याने म्हणे रातोरात आपल्या जमिनीतली माती टोपल्यांनी वर आणून पसरली आणि बारा शूर सरदारांना त्या मातीत तलवारी रोवून शपथ घ्यायला लावली की आम्ही लुडविगच्याच जमिनीवर उभे आहोत. दंतकथा आहे, पण मामलेदार कचेरीत ज्याची एक जरी चप्पल झिजलीय त्याला ती पटकन खरी वाटेल.

फोटोत दिसतं ते सगळं जुनं नाही, हे मात्र डोक्यात ठेवून जा. कॅलेंडरवर येणारा तो उंच बुरूज, वर सोन्याचा क्रूस असलेला, तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उभारला. तेव्हा वाइमारच्या कार्ल आलेक्झांडर या राजघराण्यातल्या माणसाने पडझड झालेला किल्ला दुरुस्त करायला घेतला होता. दक्षिणेच्या टोकाला जो साधा, ओबडधोबड, कुणी फोटो न काढणारा बुरूज आहे, तो १३१८ चा. खरा म्हातारा तो. पालास नावाचा मुख्य वाडा त्याहूनही जुना, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पण त्याच्या आतली मोरित्स फॉन श्विंटची भिंतीवरची चित्रं १८५० च्या दशकातली आणि एलिझाबेथच्या दालनातलं सोनं-काचेचं मोझाइक १९०२ ते १९०६ मधलं. गट त्या मोझाइकखाली शिरला की सगळ्यांच्या माना वर आणि मोबाईल वर. तुम्ही त्या गर्दीत मान खाली करून खांब बघा. खांबांच्या माथ्यावरचं कोरीवकाम त्या जुन्या काळातलं आहे: पानं, वेलबुट्टी, एका खांबावर कोपऱ्या-कोपऱ्यांतून पंख पसरलेले गरुड. दगड मऊसर दिसतो, छिन्नीची धार अजून कळते. मी तिथे इतका रेंगाळलो की मागच्या गटाच्या बाईंनी मला आपल्यातलाच धरून मोजलं.

ही एलिझाबेथ म्हणजे हंगेरीच्या राजाची मुलगी. १२११ मध्ये चार वर्षांची असताना इथे आणली, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा. नवरा धर्मयुद्धाला निघाला आणि वाटेतच इटलीत तापाने गेला. तिने गोरगरिबांसाठी वाड्यातलं अन्न वाटलं, पुढे मारबुर्गला रुग्णालय काढलं आणि चोविसाव्या वर्षी गेली. चारच वर्षांनी, १२३५ मध्ये, तिला संतपद मिळालं. टोपलीतल्या पावांची गुलाबं झाल्याची कथा तिची. आपल्याकडच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना विचाराल तर ते सांगतील, ही कथा पोर्तुगालच्या सांता इझाबेल राणीची. दोन्ही बरोबर. हंगेरीची एलिझाबेथ ही त्या राणीच्या आजीची सावत्र बहीण, नावही तिच्यावरूनच ठेवलेलं. नावाबरोबर कथाही घराण्यात गेली असावी असं माझं मत, इतिहासकारांचं नव्हे.

मग मार्टिन लूथर, पोपविरुद्ध उभा राहिलेला, प्रॉटेस्टंट पंथाचा जनक. बहुतेक लोक येतात ते त्याच्या खोलीसाठी. वोर्म्सच्या सभेत बादशहासमोर त्याने शब्द मागे घ्यायला नकार दिला. परत जाताना, ४ मे १५२१ ला, जंगलात त्याला पळवून नेलं. पळवणारे त्याच्याच पाठीराख्या राजाचे लोक, सगळं ठरवून. इथे तो 'सरदार यॉर्ग' नावाने दाढी वाढवून १ मार्च १५२२ पर्यंत लपून राहिला आणि सुमारे अकरा आठवड्यांत बायबलचा ग्रीकमधला नवा करार त्याने जर्मनमध्ये आणला. खोली लहान, लाकडी फळ्यांची. एक टेबल, एक खुर्ची, एक शेगडी आणि पाय ठेवायला देवमाशाचा मणका. एवढंच. भिंतीवर शाईचा डाग शोधू नका. सैतानावर दौत फेकली म्हणून जो डाग दाखवायचे, तो भक्तांनी गिलाव्यासकट खरवडून नेला. मूळ टेबलाचेही ढलपे काढून काढून लोकांनी ते संपवलं, आताचं दुसरं आहे. तुमच्या मातोश्री मराठीच्या शिक्षिका, त्यांना तिथे राशोलला १६१६ मध्ये छापलेलं फादर स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण आठवल्याशिवाय राहणार नाही. थोडा वेळ द्या त्यांना. मागचे लोक ढकलतात, ढकलू देत.

पण मला सांगायचं आहे ते यापुढचं, आणि ते कुठल्याही टूरमध्ये नीट दाखवत नाहीत. लूथरच्या खोलीतून निघालेले लोक सरळ दुकानाकडे जातात. तुम्ही दक्षिण बुरुजाकडे जा. त्याच्या पोटात अंधारकोठडी आहे, वरून एकच भोक. माणसाला दोराने खाली सोडायचे. तिथे फ्रित्स एर्बे नावाचा एक शेतकरी १५४० ते १५४८ असा आठ वर्षं होता आणि तिथेच मेला. गुन्हा काय? आपल्या तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायला नकार. ज्याला कळतं त्यानेच बाप्तिस्मा घ्यावा, असं त्याचं म्हणणं. त्याला आधी खाली गावाच्या बुरुजात ठेवलं होतं, पण लोक रात्री येऊन त्याच्याशी बोलायचे, म्हणून वर नेलं. आणि त्याला कोंडणारे कोण? लूथरला मानणारे राजे. ज्या डोंगराने एका बंडखोराला लपवलं, त्याच डोंगराने वीस वर्षांनी दुसऱ्याला गाडलं, दोन्ही जागांमधलं अंतर अंगणातून चालत दोन मिनिटं.

मी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्याची जागा दाखवतो. १५६० ते १८१२ चा मामला, पण वाडा कधीच पाडून टाकलाय, मोकळ्या जागेकडे हात करून बोलावं लागतं. जर्मन पाहुणे माना हलवतात. त्या भोकापाशी उभं राहिल्यावर मला कळलं की मोकळ्या जागेकडे हात करून मी किती कमी सांगत होतो. ती कोठडी बघायची चुकवू नका. त्यासाठी लूथरच्या खोलीतली दहा मिनिटं कमी झाली तरी चालतील.

आता गुडघे. किल्ला समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या थोडा वर, गाव त्याच्या दोनेकशे मीटर खाली. जंगलातून पायवाट आहे, सुंदर आहे, तुमच्या मातोश्रींसाठी नाही. स्टेशनवरून बस वर पार्किंगपर्यंत जाते. तिथून पुढे पायऱ्या किंवा चढाचा रस्ता. पायऱ्या भरपूर आहेत, रस्ता लांब पण सरळ, त्यांनी रस्त्यानेच यावं. वयस्करांना वर सोडण्याची सोय त्या दिवशी आहे का, हे तिकीट काढताना विचाराच. दाराशी पूल, मग कमान, मग अंगण. अंगणात जायला पैसे नाहीत. पालास, लूथरची खोली आणि संग्रहालय यांना तिकीट. आत जिने आहेत आणि फरशी गोट्यांची, म्हणून चपला नकोत, पकड असलेले बूट. इंग्रजी फेरी दिवसातून ठरावीक वेळीच असते, ती आधी बघून तिच्याभोवती दिवस बांधा. आणि शक्य असेल तर आदल्या रात्री आयझेनाखलाच राहा. बसगाड्या साडेदहा-अकरानंतर ओततात, त्याआधी अंगण रिकामं असतं आणि अंगणातली पांढरी कबुतरं तुमच्या मातोश्रींना बसायला बाक सोडतात.

गडकोट फोंडा

वाटाड्याभाऊंचं लिखाण आवडलं, पण एक राहवत नाही. फोंड्याच्या किल्ल्यापाशी संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयला पिटाळलं, तिथे आपली माणसं जात नाहीत आणि जर्मन सरदारांच्या गोष्टी कौतुकाने वाचतात. त्या किल्ल्यात असं काय आहे जे आपल्याकडे नाही? मेहुण्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

कांदोळीचा वाटाड्या

फोंड्याला नेतो हो मी पाहुण्यांना, हट्टाने नेतो. तिथे थांबणारी बस मिळवायलाच भांडावं लागतं.

पण तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते कोणाचा मोठा-कोणाचा लहान यात नाही, तोफेत आहे. आपल्याकडे आज उभे दिसणारे किल्ले बहुतेक तोफा आल्यानंतरचे किंवा तोफांसाठी पुन्हा बांधलेले. आग्वाद १६१२ चा. त्याची भिंत बघा: बुटकी, जाड, बाहेरून उतरती, पुढे खंदक. गोळा आला तर चिऱ्यात घुसून बसावा, भिंत कोसळू नये. आणि तो डोंगराच्या माथ्यावर असला तरी त्याचं तोंड मांडवीकडे, कारण शत्रू गलबतातून यायचा. शापोरा, रेईश मागूश, सगळ्यांचं गणित तेच. वार्टबुर्ग बांधला तेव्हा तोफ नव्हतीच. तिथे शत्रू म्हणजे शिडी, बाण आणि उपासमार. म्हणून भिंती उंच आणि मानाने पातळ, इमारती एका अरुंद कण्यावर ओळीने लावलेल्या, आत यायला एकच वाट आणि पावसाचं पाणी साठवायला अंगणात टाकं. सामान गाढवांवरून वर यायचं. आजही खालच्या टप्प्यावर हंगामात पोरांना गाढवावर बसवून वर नेतात. आग्वाद बघितलेल्या माणसाला हा फरक जास्त चांगला कळतो. मेहुण्यांना सांगा, दोन्ही बघा.

एर्फुर्टवाली

मी म्हापशाची, सध्या एर्फुर्टला. खाण्याचं आणि गाड्यांचं मी सांगते, बाकी वाटाड्याकाकांनी सांगितलंच आहे.

फ्रँकफुर्टहून एर्फुर्टकडे जाणाऱ्या बऱ्याच आयसीई (वेगवान गाड्या) आयझेनाखला थांबतात. सगळ्या नाही, म्हणून तिकिटावर बघून घ्या. भाचा तुम्हाला हौसेने डॉइचलँडटिकेट घ्यायला लावेल. ते फक्त साध्या आणि प्रादेशिक गाड्यांना, बस-ट्रामना चालतं, आयसीईला नाही. शिवाय ते महिन्याचं वर्गणी-तिकीट असतं, त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. माझ्या सासूबाई गोव्याला परत पोचून त्यांचं तिकीट इथे सुखाने चालू होतं. आयझेनाख ते एर्फुर्ट साध्या गाडीनेही तासाच्या आत होतं, तेवढ्यासाठी आयसीईची गरज नाही.

खाणं: थुरिंगियाची ओळख म्हणजे कोळशावर भाजलेली ब्राटवुर्स्ट, आणि तिच्यात डुक्कर असतंच. वास सुंदर येतो, आईंना आधीच सांगून ठेवा. त्यांच्यासाठी क्लोस मागा, कच्चा बटाटा किसून केलेले मोठे गोळे, मध्ये तळलेल्या पावाचा तुकडा. बरोबर तांबडा कोबी. फक्त वर घालतात तो रस्सा मांसाचा असतो, म्हणून "मशरूमचा, मांस नको" असं स्पष्ट सांगा. ट्राउट मासा बऱ्याच ठिकाणी मिळतो. आपल्या इसवणाची (सुरमईची) सर नाही, पण काटे काढून देतात. सोमवारसाठी बॅगेत पोहे ठेवा. भाच्याच्या खोलीवर गरम पाणी मिळेलच.

आणि एक: आई वर दमल्या तर दुपारी गावातलं बाख-हाउस. योहान सेबास्टियान बाख १६८५ मध्ये आयझेनाखला जन्मला. हे घर नेमकं त्याचं जन्मघर नाही, पण संग्रहालय १९०७ पासूनचं. तिथे जुनी वाद्यं प्रत्यक्ष वाजवून दाखवतात, बसून ऐकायचं. शिवाय छताला टांगलेल्या गोल पारदर्शक खुर्च्या आहेत, त्यात शिरून कानाला संगीत लावून पडायचं. आमच्या सासूबाई उठायलाच तयार नव्हत्या. तेवढ्या वेळात तुम्ही आणि भाचा द्राखनश्लुख्त या घळीत जाऊन येऊ शकता. काही ठिकाणी दोन्ही खांदे खडकाला लागतात इतकी अरुंद, खालून पाणी वाहतं.

डिचोलीकरीण

इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळं आईला वाचून दाखवलं. एर्बेपाशी तिने मला थांबवलं आणि विचारलं, त्या शेतकऱ्याच्या बायकोचं आणि बाळाचं पुढे काय झालं? वाटाड्याकाका, आता तुम्हीच सांगा. आयझेनाखला एक रात्र राहायचं नक्की केलं. शेवटची शंका, विचारायला लाज वाटते पण विचारते: वर बाथरूमची सोय? आईला दर तासाला लागतं.

कांदोळीचा वाटाड्या

लाज कसली, माझा अर्धा धंदा याच प्रश्नावर चालतो.

स्टेशनवर उरकूनच बसमध्ये बसा. वर पोचल्यावर चढ चढायच्या आधी एकदा आणि फेरी सुरू व्हायच्या आधी एकदा. फेरीत गट सोडून मध्येच बाहेर येणं त्रासाचं होतं. जर्मनीत बहुतेक ठिकाणी पन्नास सेंट ते एक युरो घेतात आणि सुटे लागतात, म्हणून मातोश्रींच्या पर्समध्ये नाण्यांची वेगळी पुडी करून द्या. कार्डाने दार उघडत नाही अशी दारं अजून पुष्कळ आहेत.

एर्बेच्या बायको-मुलाचं त्या बाईंनी आम्हाला काही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मातोश्रींना म्हणावं, इंग्रजी फेरीच्या गाईडला हा प्रश्न तुम्हीच विचारा, सगळ्यांसमोर, मोठ्याने. आणि काय उत्तर मिळालं ते इथे लिहा. माझ्या पुढच्या हंगामातले पाहुणे त्याच बाजूचे आहेत.